टी-वन वाघीण आणि गावचा गायकी : राळेगाव-पांढरकवड्याचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात तेरा माणसं मारल्याचा ठपका असलेली टी-वन नावाची वाघीण गोळी घालून मारली गेली. शहरांत तिला ‘अवनी’ म्हणत. तिच्याबद्दल जेवढं लिहिलं-बोललं गेलं, त्यातलं बहुतेक एका रात्रीबद्दल आहे. २ नोव्हेंबर २०१८, बोराटीचं शिवार, उघडी जीप आणि एक गोळी. गोळी घालायला हवी होती की नव्हती, बेशुद्धीचं इंजेक्शन आधी मारलं की मागाहून टोचलं, बंदूक कोणाच्या हातात होती, कोणता मंत्री काय बोलला. त्याकडे येऊच. पण माझं म्हणणं असं की, त्या रात्रीपर्यंत या प्रकरणात ठरवण्यासारखं फार थोडं उरलं होतं. जे ठरायचं होतं ते जून २०१६ पासूनच्या पहिल्या दोन वर्षांत ठरून गेलं, आणि नेमक्या त्याच काळाबद्दल कोणी बोलत नाही.

मुलूख

राळेगाव आणि केळापूर हे यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे तालुके. केळापूर तालुक्याचं ठाणं पांढरकवडा. इथे सलग जंगल नाही. पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि तुरीची वावरं, मधेच सागाचा एखादा पट्टा, त्याला लागून झुडपी जंगल आणि नाल्यांच्या दोन्ही काठांनी माजलेली रायमुनिया. हीच ती घाणेरी. पावसाळा ओसरेपर्यंत ती माणसाच्या डोक्यावर जाते, आणि तिच्या आत चार हातांवर बसलेलं जनावर उभ्या माणसाला दिसत नाही.

दक्षिणेकडे टिपेश्वर अभयारण्य आहे, १४८.६३ चौरस किलोमीटरचं, १९९७ साली घोषित झालेलं. टी-वन वाघीण त्या अभयारण्याच्या बाहेर राहत होती. तिचा वावर दीडशेहून अधिक चौरस किलोमीटरमध्ये होता असं वनखात्याचं म्हणणं. म्हणजे एका टिपेश्वराएवढा मुलूख, फक्त त्यात गावं, वावरं, पांदण रस्ते आणि रोज जंगलात जाणारी ढोरं. चितळ-सांबर अशा भागात थोडे. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर आहेत, पण वाघाला सगळ्यात सोपी शिकार म्हणजे गाय. टी-वन पोट भरत होती ते मोठ्या प्रमाणात गावच्या गुरांवर.

हे विदर्भात नवं नाही. गोंड आणि कोलाम वस्तीच्या या पट्ट्यात शिवारात वाघदेवाचं ठाणं असतं, त्याला शेंदूर असतो, ठरल्या दिवशी नैवेद्य असतो. वाघाने वर्षाकाठी दोन-चार ढोरं नेणं हे नुकसान खरं, पण ते हिशेबात धरलेलं नुकसान होतं. माणूस गेला की मात्र तो हिशेब मोडतो.

गायकीचा दिवस

या प्रकरणातला महत्त्वाचा माणूस कोर्टाच्या कागदांत फारसा भेटत नाही. तो म्हणजे गायकी, गावची ढोरं राखणारा. त्याचं काम समजल्याशिवाय मृत्यू असे का होत गेले ते कळत नाही.

सकाळी गावच्या कडेला आखरावर ढोरं जमतात. घरोघरची दोन-चार करून मोठा कळप होतो. जनावरामागे महिन्याला ठरलेले पैसे, पूर्वी धान्य. गायकी कळप घेऊन निघतो आणि दिवेलागणीला परत आणतो. चराईसाठी जागा कुठली? वऱ्हाडात गावोगाव ई-क्लास जमीन असते, ती मुळात गुरांसाठीच राखलेली. पण बऱ्याच गावांत तिच्यावर अतिक्रमणं झाली, उरली ती मुरमाड आणि उघडी. मग कळप झुडपी जंगलात जातो. पावसाळ्यात सगळी वावरं पेरलेली असतात आणि ढोरू वावरात शिरलं तर भांडण, म्हणून जुलै ते ऑक्टोबर कळप हटकून जंगलाच्या आत असतो. रायमुनिया दाट असण्याचे महिने तेच.

आता वाघाचा हल्ला पाहा. वाघ कळपाच्या मधे पडत नाही. मागे रेंगाळलेली, नाल्यात उतरलेली गाय तो धरतो. ढोरं बिथरतात, गायकीच्या कानावर आवाज येतो, आणि तो काठी घेऊन आवाजाच्या दिशेने जातो. जाऊ नये हे त्याला कळत नाही असं नाही. पण ती गाय त्याची नाही. संध्याकाळी आखरावर एक ढोरू कमी निघालं की मालक त्यालाच विचारणार. गाय मेली तर सरकारी भरपाई मालकाला मिळते. त्यासाठी ४८ तासांच्या आत वनखात्याला खबर द्यावी लागते, पंचनामा व्हावा लागतो आणि तोवर मढं जागेवरून हलवायचं नसतं. म्हणजे कोणीतरी आत जाऊन ते मढं शोधायला हवं. ते शोधायला जाणारा माणूस म्हणजे पुन्हा गायकीच, कधी त्याच्यासोबत मालक. ज्या क्षणी वाघीण आपल्या शिकारीवर बसलेली असते, त्याच क्षणी माणूस तिच्याकडे चालत जातो. नियम लबाडी टाळण्यासाठी केलेला आहे, तेही समजण्यासारखं आहे, पण त्याने माणसाला नेमकं नको तिथे नेलं.

दुसरे बळी पडणारे म्हणजे वावरात वाकून काम करणारे. निंदण, खत देणं, वेचणी. वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघाला उभ्या माणसासारखा दिसत नाही, हे जंगलात काम करणारे सगळे सांगतात. जून २०१६ मध्ये बोराटीच्या शिवारात जी पहिली बाई गेली ती वावरातच गेली.

त्यानंतरच्या दोन वर्षांत या भागात तेरा माणसं गेली असं धरलं जातं. तेराही जणांना टी-वननेच मारलं, हे पुराव्याने शाबीत झालेलं नाही. तिच्या मुलखात टी-टू नावाचा नरही होता, आणि सगळ्याच प्रकरणांत डीएनएचा नमुना मिळाला नाही. वाघिणीच्या बाजूने लढणाऱ्यांनी हा मुद्दा जोरात मांडला आणि तो खोटा नव्हता. पण बोराटी, सराटी, विहीरगाव या गावांत राहणाऱ्या माणसाला नर की मादी या प्रश्नाचा उपयोग काय? त्याचा प्रश्न साधा होता : ढोरं बांधून ठेवतो म्हटलं तं चारू काय, अन् सोडतो म्हटलं तं जाऊ कोणीकडे?

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर चित्र एकांगी होतं. २०१७ च्या खरिपात, म्हणजे या प्रकरणाच्या ऐन मध्यावर, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं मेली. तीच वावरं, तसेच मजूर. वाघाने मारलेल्या माणसांपेक्षा औषधाने मारलेली माणसं त्या एका हंगामात जास्त होती. तरी भीती वाघाची बसली, कारण पंप खाली ठेवता येतो आणि वाघ कुठे आहे ते कळत नाही. ही भीती अडाणीपणाची होती असं म्हणणाऱ्यांनी सप्टेंबरच्या तुरीतून एकदा एकट्याने चालून पाहावं.

वाघ मारायचा अधिकार कोणाचा

इंग्रजी अमलात वाघ हे नुकसानीचं जनावर होतं आणि ते मारण्यासाठी सरकारी बक्षीस मिळायचं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं, आणि इथेही तीच रीत चालली. माणूस मेला की गावचा पाटील वर कळवायचा, साहेब किंवा एखादा नावाजलेला शिकारी यायचा, हाकारे बोलावले जायचे. (नागपूरकडे हे काम मालगुजाराकडे असायचं. वऱ्हाडात रयतवारी, म्हणून पाटील.) यात माणूस मारणारा वाघ कोणता आणि नुसता दिसलेला कोणता, हे बघायची गरज कोणाला वाटत नव्हती. स्वातंत्र्यानंतरही शिकारीचे परवाने सुरूच राहिले, आणि मध्य भारतातली जंगलं परदेशी शिकाऱ्यांना विकणाऱ्या कंपन्यांचा तो सुगीचा काळ होता.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच वर्षीच्या गणनेत देशात जेमतेम १,८०० च्या आसपास वाघ निघाले आणि १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. वाघ मारण्याचा निर्णय पाटील, कलेक्टर, शिकारी, गाव या सगळ्यांच्या हातून काढून एकाच अधिकाऱ्याकडे दिला : मुख्य वन्यजीव रक्षक, ज्याचं कार्यालय महाराष्ट्रापुरतं नागपुरात आहे. कलम ११ असं सांगतं की, एखादा वाघ माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे अशी खात्री पटली, आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही असंही दिसलं, तरच हा अधिकारी लेखी कारणं देऊन मारण्याची परवानगी देऊ शकतो.

या बदलाचं फळ मिळालं. महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३ वाघ मोजले गेले, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. हे वाघ जवळजवळ सगळे विदर्भातले. हा आकडा फुकट आलेला नाही, त्यामागे चाळीस-पन्नास वर्षांची राखण आहे, आणि गावं उठवण्याची किंमतही आहे.

पण कायदा वाघाला कुठेही असला तरी सांभाळतो, आणि वाघ सांभाळायची यंत्रणा मात्र हद्दीच्या आत बसते. ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावात वाघ म्हणजे जिप्सी, गाइड, होमस्टे, चहाची टपरी. २०१५ मध्ये आलेल्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गॅस मिळाला तो सुरुवातीला व्याघ्र प्रकल्पांच्या बफर गावांना. सरपणाला जंगलात जायचं काम तिथे कमी झालं. राळेगावच्या झुडपी जंगलाकडे पर्यटक येत नाही. तिथलं वनखातं प्रादेशिक, म्हणजे सागतोड, वणवे, अतिक्रमण, तेंदूपत्त्याचे लिलाव हे त्याचं मुख्य काम. त्या वनरक्षकाकडे एक बीट, एक मोटारसायकल आणि वाघ बेशुद्ध करण्याचं काहीही प्रशिक्षण नाही. टी-वन जर टिपेश्वराच्या कुंपणात असती तर तिला पहिल्या मृत्यूनंतर कॉलर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा लागला असता, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण तिच्यावर लक्ष ठेवणारी माणसं असती.

कॉलरने काय फरक पडतो हे याच भागाने पुढे दाखवलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वरातल्या एका तरुण नराला रेडिओ कॉलर घातली. (त्याच्या आईचंही नाव टी-वनच, पण ती वेगळी. अभयारण्याचे आकडे वेगळे चालतात आणि त्यातून पेपरवाल्यांचा घोळ होतो.) जूनमध्ये तो बाहेर पडला आणि तेलंगण, मराठवाडा करत डिसेंबरपर्यंत १,३०० किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. शेकडो गावांच्या शिवारांतून गेला. वाटेत हिंगोलीकडे झुडपात गाठ पडून माणूस जखमी झाला, पण मेलं कोणी नाही. वाघ कुठे आहे हे वनखात्याला ठाऊक असलं की पुढच्या गावाला आदल्या संध्याकाळी सांगता येतं.

पहिला आदेश आणि वाया गेलेला उन्हाळा

जानेवारी २०१८ च्या अखेरीस, आणखी एक माणूस गेल्यावर, टी-वनला गोळी घालण्याचा पहिला आदेश निघाला. तो उच्च न्यायालयात आव्हानला गेला आणि अमलात आला नाही. मग वाघिणीसोबत दोन बछडे दिसले. पिल्लं असलेल्या वाघिणीला मारणं म्हणजे तीन जीव घालवणं, असा नवा मुद्दा उभा राहिला, आणि तो कायद्यानेही आणि माणुसकीनेही वजनदार होता.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा निकाल इथे लागला. वाघ बेशुद्ध करून पकडायचा तर मोसम पाहावा लागतो. फेब्रुवारीनंतर सागाची पानं गळतात, रायमुनिया विरळ होते, नाले आटतात आणि पाणी दोन-चार ठिकाणीच उरतं. उन्हात वाघाला त्या पाण्यावर यावंच लागतं. शेतं मोकळी असतात, म्हणून गावकऱ्यांचा वावरही कमी. पकडायचं तर हेच चार महिने. २०१८ चा तो उन्हाळा वाघीण न पकडता गेला. पाऊस पडला, गवत वाढलं, पऱ्हाटी छातीला लागली आणि एकट्या ऑगस्टमध्ये तीन माणसं गेली.

आता गावांचा संयम सुटला. वनखात्याच्या गाड्या अडवल्या जाऊ लागल्या. ४ सप्टेंबर २०१८ ला नवा आदेश निघाला. आधी बछड्यांना आणि वाघिणीला बेशुद्ध करून पकडावं, जमलं नाही तर पुढची जीवितहानी टाळण्यासाठी वाघिणीला गोळी घालावी. नागपूर खंडपीठाने त्यात हात घातला नाही. मधे ९ तारखेला पोळा झाला, बैलं सजली, आणि ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही आदेश रोखायला नकार दिला.

वाघिणीला पकडून दुसऱ्या जंगलात का नाही सोडलं, असं शहरातून सारखं विचारलं जात होतं. गावकऱ्यांना त्याचं उत्तर माहीत होतं, कारण ते वर्षभरापूर्वीच विदर्भात करून झालं होतं. जुलै २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडे माणसं मारलेली एक वाघीण पकडून, कॉलर घालून, वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पात सोडली गेली. ती तिथे टिकली नाही. बाहेर पडली, शेकडो किलोमीटर भटकली, पुन्हा माणसं मेली आणि तिलाही गोळीचा आदेश निघाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये गोळी लागण्याआधीच ती एका शेतात रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटच्या तारेला लागून मेली. बोरचं नाव काढलं की राळेगावात लोक हेच ऐकवायचे. आमच्या इथला वाघ उचलून दुसऱ्याच्या वावरात नेऊन सोडणार, मग त्यांनी कोणाकडे बघायचं?

हत्ती, अत्तर आणि जत्रा

सप्टेंबर-ऑक्टोबरची मोहीम हा या प्रकरणाचा सगळ्यात गाजलेला भाग, आणि मला विचाराल तर सगळ्यात कमी शिकवणारा. दोनशेच्या आसपास माणसं, शंभरावर कॅमेरे, ड्रोन, पॅराग्लायडर. मध्य प्रदेशातून हत्ती आले, एक ताडोबाहून आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ताडोबाचा हत्ती रात्री साखळी तोडून पळाला आणि चहांद गावात त्याने एका बाईला ठार केलं. हत्ती परत पाठवले. इटालियन जातीचे शिकारी कुत्रे आणले. केल्विन क्लाइनचं ‘ऑब्सेशन’ नावाचं अत्तर झाडांवर शिंपडलं, कारण त्या वासाकडे मोठी मांजरं ओढली जातात असा अनुभव आहे. जगभरच्या पेपरांनी अत्तराची बातमी छापली.

जंगलात एवढी वर्दळ असताना बछडे असलेली वाघीण एका जागी थांबेल ही अपेक्षाच वेडी होती. शिवाय वाघिणीने शिकार केली की तिला शिकारीवर परत यायचं असतं. माणसांच्या गर्दीने ती हुसकली गेली तर अर्धी खाल्लेली गाय सोडून दुसरी मारावी लागते. तिला पकडण्याच्या धावपळीनेच तिला जास्त भटकायला लावलं असणार, असं मानायला जागा आहे.

यातच हैदराबादच्या एका खासगी शिकाऱ्याला बोलावलं गेलं आणि वनखात्यातलेच पशुवैद्य, वन्यजीवप्रेमी आणि शिकारी असे तीन तट पडले. गावकरी शिकाऱ्याच्या बाजूने होते. ‘अवनी’ हे नाव मुंबई-पुण्यात पसरलं, कोर्टात याचिका गेल्या, ‘लेट अवनी लिव्ह’चे फलक निघाले. बोराटीत तिला वाघीण किंवा टी-वन याशिवाय कोणी काही म्हणत नव्हतं.

ती रात्र

२ नोव्हेंबर शुक्रवार होता, राळेगावचा आठवडी बाजार. बाजारातून परतणाऱ्यांना रस्त्यावर वाघीण दिसल्याची खबर आली. पथक जीपने निघालं. जीप उघडी होती. पथकाच्या म्हणण्याप्रमाणे आधी इंजेक्शन मारलं, वाघीण जीपवर चालून आली आणि मग शिकाऱ्याच्या मुलाने स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली.

नंतरच्या चौकशीत हे म्हणणं टिकलं नाही. वाघीण चालून येत नव्हती, तिचं तोंड दुसरीकडे होतं, असा अर्थ शवविच्छेदनातून निघत होता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने नोंदवलं की ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही. बेशुद्धीचं औषध बऱ्याच तासांपूर्वीच भरून ठेवलेलं होतं, मारणारा पात्र पशुवैद्य नव्हता, आणि सुई मारलेली नसून हाताने टोचलेली असावी असा संशय राहिला. सूर्यास्तानंतर वाघ बेशुद्ध करू नये हा तर साधा दंडक आहे.

मला इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात, कारण वादात त्या एकत्र केल्या गेल्या. सप्टेंबर २०१८ पर्यंत त्या वाघिणीला त्या मुलखातून काढणं भाग होतं. तेरापैकी सात मृत्यूच तिचे असते तरी भाग होतं. कोर्टांनी तेच म्हटलं आणि ते बरोबर होतं. पण ज्या पद्धतीने ती काढली गेली तिचं समर्थन करता येत नाही. मारायचीच होती तर आदेश हातात होता, उजेडात, जबाबदार माणसाने मारून तसं सांगायचं होतं. सुईचं नाटक करायची गरज का पडली? याचं कारण मला तरी एकच दिसतं : गाव गोळी मागत होतं आणि शहर सुई, आणि दोघांनाही खूष ठेवणारा कागद त्या रात्री तयार करायचा होता.

पाच दिवसांवर दिवाळी होती. गावांत फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. मुंबईत मेणबत्त्या पेटल्या. दिल्लीत केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी राज्याच्या वनमंत्र्यांवर उघड टीका केली. दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी-शेजारी छापले गेले आणि वाद शहर विरुद्ध खेडं असा करून टाकला गेला. फटाके वाजवणाऱ्यांना पाशवी म्हणणं मला पटलं नाही. ज्या पोरीला दोन वर्षांत पहिल्यांदाच एकटीने कापूस वेचायला जाता आलं, तिला कोणी विचारलं नाही.

बछडे

डिसेंबर २०१८ मध्ये मादी बछडा त्याच शिवारात बेशुद्ध करून पकडला गेला आणि पेंचला नेला. म्हणजे त्या जमिनीवर बेशुद्ध करून पकडणं अशक्य नव्हतं. अनुभवी आईला पकडणं आणि वर्षभराच्या पिल्लाला पकडणं यात फरक आहे हे मान्य, पण डिसेंबरमध्ये झाडी उतरणीला लागलेली होती हेही खरं. पिंजराबंद जागेत दोन वर्षं वाढवून मार्च २०२१ मध्ये तिला कॉलर घालून पेंचच्या जंगलात सोडलं, आणि काही दिवसांतच तिथल्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती मेली. जंगल रिकामं नसतं, प्रत्येक चांगल्या जागेवर आधीच कोणीतरी असतं. दुसऱ्या जंगलात सोडा म्हणणाऱ्यांनी ही नोंद वाचण्यासारखी आहे.

पुढे काय बदललं

थोडं बदललं. भरपाई वाढली. २०१८ च्या सुमारास माणूस गेल्यावर आठ-दहा लाख मिळायचे, २०२३ पासून २५ लाख मिळतात. गावोगाव प्राथमिक प्रतिसाद दलं बनली, गावातलीच पोरं, शिट्टी आणि टॉर्च घेऊन गर्दी आवरणारी. गर्दी आवरणं हे काम दिसतं त्यापेक्षा मोठं आहे, कारण वाघ दिसला की शंभर मोबाइल त्याच्या भोवती जमतात. मुख्य म्हणजे जिवंत पकडण्यावर भर आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचा आरटी-वन नावाचा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये जिवंत पकडला गेला आणि नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात नेला. राजुऱ्यात हत्ती-अत्तर नव्हतं. त्याच्या येण्या-जाण्याची वाट ओळखून नाल्यातल्या रेल्वेच्या मोरीपाशी पिंजरा लावला होता. थंड डोक्याचं काम.

मग १३ ऑक्टोबर २०२२ ला गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळ सीटी-वन नावाचा नर बेशुद्ध करून पकडला गेला. गडचिरोली, भंडारा आणि ब्रह्मपुरी अशा तीन भागांत मिळून त्याने तेरा माणसं मारली होती. आकडा टी-वनवर लागलेल्या आकड्याएवढाच. हा वाघ जिवंत पकडला, गोरेवाड्याला गेला, कोर्टबाजी नाही, मेणबत्त्या नाहीत, फटाक्यांचे फोटो नाहीत. वन्यजीवांचं वाचणाऱ्यांतही सीटी-वन कोण हे फार थोड्यांना सांगता येईल. वनखात्याने काम नीट केलं असं त्याबद्दल म्हटलं गेलं, आणि पकडण्यापुरतं ते नीटच होतं. पहिल्या माणसानंतर तेराव्या माणसापर्यंत जंगलात कोण जात होतं, कशासाठी जात होतं आणि त्याला दुसरी कोणती वाट होती, ही मोजणी मात्र टी-वनच्या वेळी झाली नाही तशी सीटी-वनच्याही वेळी कोणी मागितली नाही.